पुतळ्याचा उजवा खांदा

काल संध्याकाळी मास्तर खुर्च्यावाल्यावर ओरडले आणि लगेच चष्मा लावून कोटाची उजवी बाही उसवायला बसले, तेव्हाच सूनबाईला कळून चुकलं की आपल्या मुलीचं उद्याचं लग्न काही सरळ पार पडत नाही. चूक खुर्च्यावाल्याचीच होती. त्याने आणलेल्या निम्म्या खुर्च्या माणूस बसल्याबरोबर एका बाजूला कलत होत्या. पण मास्तरांच्या कायद्यात समोरच्याची चूक धरली जात नसे. आपण ओरडलो, बाही गेली.

हा कायदा घरात लहानथोर सगळ्यांना पाठ होता. परक्यावर आवाज चढला तर बाही, घरच्यावर चढला तर कॉलर. खोटं बोललं तर खिसा. तोंडातून शिवी गेली तर बटण. आणि बटण तर रोजच जायचं, कारण सकाळी दुकानाचं दार उघडलं की मास्तरांना समोरच्या तयार कपड्यांच्या दुकानातला पुतळा दिसायचा. काचेआड नवाकोरा कोट घालून तो ऐटीत उभा असायचा, आणि त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली होता. "खांदा पडलाय मेल्याचा," मास्तर म्हणायचे. मग आत येऊन मुकाट्याने एक बटण काढायचे.

ते दुकान त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं. दोघं एकाच टेबलावर कापड कापायला शिकले, आणि एक दिवस धाकट्याने जाहीर केलं की आपण तयार कपडे विकणार. तेव्हापासून या घरात 'रेडिमेड' हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. अभ्यास न करता पास झालेलं पोर रेडिमेड. विकत आणलेला केक रेडिमेड. नातजावई पाहायला आला आणि पहिल्याच भेटीत सगळ्यांना आवडला, तेव्हा मास्तर म्हणाले, जरा रेडिमेड वाटतो. धाकट्या भावाला तर दुसरं नावच उरलं नाही. तो रेडिमेड काका.

कोटाचं खूळ मात्र त्यानंतरचं. एका रविवारी मास्तरांनी चर्चमध्ये येशूने सांगितलेला एक दाखला ऐकला. राजाच्या घरचं लग्न, रस्त्यावरच्या सगळ्यांना आमंत्रण, आणि एक जण लग्नाचा पोशाख न घालता आला म्हणून त्याला उचलून बाहेर टाकलं. बाकीची मंडळी ऐकून घरी गेली आणि जेवली. मास्तर पडले शिंपी. त्यांच्या अंगात ती गोष्ट सुईचं टोक मोडून राहावं तशी राहिली. देवापुढे उभं राहायचं तर पोशाख हवा, आणि शिंप्याने दुसऱ्याच्या हातचा पोशाख घालून जायचं म्हणजे शरमेची गोष्ट. त्यांनी दुकानातलं सगळ्यात चांगलं काळं कापड काढलं, स्वतःचं माप घेतलं आणि कोट कापला. अट एवढीच, की जितकं वागणं नीट, तितकाच कोट शिवलेला राहील.

पाळकसाहेबांनी त्यांना किती वेळा समजावलं. मास्तर, तो पोशाख पाहुण्याने शिवायचा नसतो, यजमान देतो. नीतिमान ठरणं हे आपल्या हातचं काम नाही, ती कृपा आहे आणि ती फुकट मिळते. मास्तर सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी एकच विचारायचे, "फुकट, ते ठीक आहे. पण माप कोणी घेतलं?"  पाळकसाहेबांच्या अंगातला झगा मास्तरांनीच शिवलेला होता, त्यामुळे ते फार ताणत नसत.

दोन्ही बाह्या एकाच वेळी जागेवर आहेत, असा योग आजवर एकदाच आला होता. कोट पूर्ण झाला, मास्तरांनी तो चढवला, आरशापुढे उभे राहिले, आणि त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटलं. मग लक्षात आलं की हा तर गर्व. दिवे लागायच्या आत सगळं अस्तर उसवून टेबलावर पडलं होतं.

आणि आता घरात लग्न, दुपार कलायला आलेली, पाहुणे चर्चकडे निघालेले, आणि मास्तर बनियनवर टेबलापाशी बसलेले. समोर कोट, शेजारी बाही. सुईच्या नाकात दोरा काही केल्या जात नव्हता.

"बाबा, मी ओवून देते," सूनबाई म्हणाली.

"ओवलेला दोरा म्हणजे दुसऱ्याचं काम झालं," मास्तर म्हणाले आणि दोरा पुन्हा ओठांत धरला.

सूनबाई आत गेली. तिचा नवरा, म्हणजे मास्तरांचा मुलगा आणि दुकानात कापड कापणारा कटर, नव्या बुटांना पॉलिश करत होता आणि जरा जास्तच शांत दिसत होता. त्याचं म्हणणं, बाबांना राहू दे. मुलीला आत घेऊन जायचं काम तसंही बापाचं असतं, मी नेतो. सूनबाईला हे अजिबात पटलं नाही. मुलीने लहानपणापासून एकच सांगितलं होतं, की मी आजोबांचा हात धरून जाणार, आणि त्यावर बापाने आज डल्ला मारावा हे तिला बरं दिसेना. ती म्हणाली, तुम्ही बाबांना बोलण्यात गुंतवा, मी बाही घेऊन मशीनवर बसते, एवढ्यात होईल. कटर म्हणाला, मशीनचा टाका ते बोटाने ओळखतील, मग तू खोटं बोललीस म्हणून कोणाचा खिसा जाणार ते सांग. असं बराच वेळ चाललं. नवरा-बायको आजवर सासऱ्यांच्या कोटाबद्दल कधी भांडली नव्हती. घरातल्या तुळईबद्दल कोणी भांडत नाही, तसं ते होतं.

शेवटी कटरने बूट खाली ठेवला. "अगं, बाही लावून उपयोग नाही. तो कोट त्यांना होतच नाही."

"होत नाही म्हणजे?" सूनबाई म्हणाली.

"माप त्यांनी स्वतःचं स्वतः घेतलं. टेप बघायला मान खाली घातली की खांदा पुढे येतो, छाती आत जाते. पुढून आखूड, मागून पिशवी. कापला त्या दिवशीच मला दिसलं होतं."

"आणि इतकी वर्षं तुम्ही गप्प?"

"बोललो असतो तर ते चिडले असते. कॉलर गेली असती," कटर म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळून त्याला एकदम हसू आलं. सूनबाईला मात्र रडू येत होतं. इतकी वर्षं तिने त्या कोटासाठी घरात आवाज चढू दिले नव्हते, मुलांना दबकत वाढवलं होतं, जेवणात मीठ कमी पडलं तर सासऱ्यांनी घास घ्यायच्या आत ताट मागे घेतलं होतं. आणि तो कोट त्यांच्या अंगाला बसतच नव्हता.

हे सगळं दारात उभ्या असलेल्या नवरीने ऐकलं. पांढरा झगा जमिनीवरून लोळू नये म्हणून तिने तो दोन्ही मुठींत धरला होता.  ती सरळ पुढच्या खोलीत आजोबांकडे गेली.

"तू हो पुढे," तिला पाहून मास्तर म्हणाले. "थोडंच राहिलंय. मी आलोच."

हे शब्द तिने आधी ऐकले होते. ती लहान होती, याच टेबलाखाली बसून लोहचुंबकाने टाचण्या गोळा करत होती. समोरच्या घरून काकूआजीला, म्हणजे रेडिमेड काकांच्या बायकोला, दफनाला नेत होते. वरून आजोबांचा आवाज आला होता, तुम्ही व्हा पुढे, थोडंच राहिलंय, मी आलोच. त्या दिवशी डाव्या बाहीची पाळी होती. लोक गेले, परत आले, आणि आजोबा तिथेच होते. रस्त्यापलीकडे दाराचं कुलूप काढताना काकाआजोबांनी एकदा मान वळवून या खिडकीकडे पाहिलं आणि आत निघून गेले. तिने नंतर कोट उचलून सगळीकडून पाहिला होता. इतक्या मोठ्या गोष्टीसाठी आजोबांनी नक्की काहीतरी उसवलं असणार, असं तिला वाटलं होतं. एकही टाका उसवलेला नव्हता. सख्ख्या भावाच्या बायकोच्या मातीला न जाण्याला त्यांच्या कायद्यात शिवणच नव्हती.

"आजोबा, मी तुमचा हात धरून आत जाणार, नाहीतर बाहेर उभी राहणार," ती म्हणाली. "दिवसभर उभी राहीन."

"असा येऊ? नागडा येऊ तिथे?" मास्तरांचा आवाज चढला. त्यांनी ताबडतोब कोट ओढून घेतला आणि कॉलर चाचपडायला लागले. नवरीने ते पाहिलं आणि ती दाराबाहेर पडली.

"अगं, कुठे?" सूनबाई धावली.

"समोर."

समोर या घरातलं कोणी जात नसे. सूनबाई उंबऱ्यावर क्षणभर अडखळली. आजवर ती पूर्णपणे सासऱ्यांच्या बाजूची होती, हे सगळ्या नात्यात माहीत होतं. मग तिने मुलीच्या झग्याचा मागचा घोळ उचलला आणि दोघी रस्ता ओलांडू लागल्या. कटर दारात उभा राहिला. कोणाच्या बाजूने जावं हे त्याला ठरवता येईना, म्हणून तो बुटाच्या नाड्या बांधत बसला.

रेडिमेड काका दुकान बंद करून निघायच्या बेतात होते. नातीने त्यांना लपूनछपून बोलावणं पाठवलं होतं. आपण जाऊन शेवटच्या बाकावर बसायचं आणि जेवणाआधी सटकायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं. दादाच्या घरचं माणूस कधी ना कधी या दारातून आत येईल, हे त्यांनी मनात इतक्यांदा घडवलं होतं की त्या वेळी काय बोलायचं तेही पाठ करून ठेवलं होतं. त्यात काही टोमणे होते, काही फारच चांगले होते. आता दारात प्रत्यक्ष नवरी उभी राहिल्यावर त्यांना एकही आठवेना.

"काकाआजोबा, एक कोट हवाय. आजोबांना."

सवयीने ते "साईज?" विचारणार होते. पण थांबले. काचेच्या कपाटात शिरले आणि पुतळ्याच्या अंगातला कोट काढायला लागले.

सूनबाईला शरमल्यासारखं झालं. हँगरवरचा कुठलाही चालेल, ती म्हणाली, तो शोभेचा कशाला काढता.

"हँगरवरचे त्याला होणार नाहीत," काका म्हणाले.

डावी बाही निघाली. उजवी निघेना. वेळ जात होता, चर्चची घंटा वाजायला लागली होती, आणि काकांनी जरा जोर लावला तेव्हा पुतळ्याचा अख्खा हात खांद्यातून निखळून बाहीसकट बाहेर आला. बसून तो सोडवायला कोणाला सवड होती? मग रस्त्याने पुढे नवरी, मागे तिचा घोळ सांभाळणारी आई, आणि त्यांच्यामागे छातीशी कोट धरलेले एक म्हातारे गृहस्थ, ज्यांच्या कोटाच्या बाहीतून एक गुळगुळीत हात बाहेर येऊन वाहनांना थांबायची खूण करत होता. वाहनं थांबलीही.

मास्तरांनी मान वर केली, तर समोर भाऊ. चेहरा त्यांना लांबून रोज दिसायचा. जवळून तो वडिलांसारखा दिसायला लागला आहे, हे त्यांना आत्ता कळलं. काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांनी बाहीकडे पाहिलं.

"हात कोणाचा?"

"पुतळ्याचा. निघत नव्हता," भाऊ म्हणाला.

इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर दोघा भावांचं पहिलं बोलणं हे असं झालं. पुढे घरात ते सांगताना प्रत्येक जण त्यात काहीतरी भर घालतो, पण झालं एवढंच. मग कटरने हात धरला, काकांनी बाही धरली, आणि बापलेकांच्या, भावाभावांच्या सगळ्या भानगडी बाजूला ठेवून दोघांनी विरुद्ध दिशांना ओढलं. हात सुटला. कटर खुर्च्यावाल्याच्या उरलेल्या खुर्चीवर जाऊन आदळला आणि खुर्ची कलली.

"नुसता अंगावर टाकून बघा," नवरी म्हणाली. मास्तर नको म्हणणार होते. पण ती कोट उघडून पाठीमागे उभी होती, आणि कोणी कोट धरून उभं राहिलं की शिंप्याचे हात आपोआप मागे जातात.

कोट बसला.

मास्तरांनी कॉलरमागे बोट घातलं. काखेजवळचा मुंढा दाबून पाहिला, हात वर केला, खाली केला. पाठीवर कुठे चुणी आहे का म्हणून आरशात वळून पाहिलं. आपल्याला दोष सापडत नाही, याचा त्यांना राग यायला लागला. माणसाला कपडा कसा बसतो हे त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगावर पाहिलं होतं. स्वतःच्या अंगावर ते त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

"हा कोणावर बसवलाय?" त्यांनी विचारलं.

"पुतळ्यावर."

"त्या पुतळ्याचा उजवा खांदा पडलाय."

"हो दादा," भाऊ म्हणाला. "तुझा पडलाय. इस्त्री ओढून ओढून."

मास्तरांनी आरशात पाहिलं. आरशातल्या म्हाताऱ्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली होता.

"पुतळा आणला तेव्हा मी खांदा घासून घेतला. पोटाला कापूस लावला, पुढे अजून लावत गेलो. तू समोर रोज दिसतोसच. नवा माल आला की त्यातला बरा कोट काढायचो आणि त्याच्यावर बसवून ठेवायचो."

"कशासाठी?"

"कधी आलास तर."

 मास्तरांना आपली रोजची सकाळ आठवली, रोजची शिवी आणि रोजचं बटण. मग त्यांना दुसरा एक दिवस आठवला. ते टेबलाला धरून उभे राहिले.

"तिच्या मातीला मी आलो नाही."

"नाही आलास."

"कोट पुरा नव्हता म्हणून."

"माहीत आहे मला."

"त्यासाठी मी काहीच उसवलं नाही रे. काय उसवावं ते कळेना. सगळाच उसवायला लागला असता." मास्तर रडत होते, आणि लपवतही नव्हते. भावाचं दुःख त्यांना त्या दिवशीही दिसलं होतं, या खिडकीतून स्वच्छ दिसलं होतं, आणि तरी ते टाके घालत बसले होते.

धाकट्याने पुढे होऊन कोटाच्या दोन्ही कडा जुळवल्या आणि गिऱ्हाइकाला लावावीत तशी बटणं लावून दिली. पाठ केलेले टोमणे त्याला आता आठवले, पण त्यांचा काही उपयोग नव्हता.

"चला," नवरी म्हणाली. "घंटा थांबली."

"आलोच," मास्तर म्हणाले आणि त्यांचा हात सवयीने सुईकडे गेला. "हे बटण मशीनचं आहे. सैल आहे. हे एवढं माझ्या हाताने लावतो. म्हणजे अगदीच फुकटचा नको."

भावाने सुईवर तळहात ठेवला. "एक टाकाही नाही, दादा."

"एक बटण रे."

"नाही. घालायचा तर असाच घाल. नाहीतर काढून दे, मी पुतळ्याला परत घालतो."

मास्तर भयंकर चिडले. चेहरा लाल झाला, मान ताठ झाली, आणि त्यांनी आवाज चढवून सांगितलं की माझ्या दुकानात मला सुईला हात लावायची बंदी करणारा तू कोण. सूनबाईने डोळे मिटून घेतले. घरच्यावर आवाज, म्हणजे कॉलर. मास्तरांचा हातही कॉलरकडे गेला. पण ती कॉलर त्यांनी शिवलेली नव्हती. त्यांनी खिसा चाचपला, बाही चाचपली, बटणांवरून बोट फिरवलं. अख्ख्या कोटात उसवायला त्यांचा स्वतःचा एक टाका नव्हता. ते तसेच उभे राहिले, चिडलेले, चुकलेले, आणि कोट मात्र पहिल्यासारखाच नीट बसलेला.

त्यांनी सुई टाचण्यांच्या गादीत खोचून ठेवली. टेबलावरचा जुना कोट घडी न घालता तसाच राहिला, बाही वेगळी.

चर्चच्या दारात पाळकसाहेब वाट पाहून घामाघूम झाले होते. मास्तरांना पूर्ण कोटात पाहून ते काही विचारणार होते, तेवढ्यात मास्तरच म्हणाले, "माप घेतलं होतं, पाळकसाहेब." पाळकसाहेबांना काही उलगडा झाला नाही, पण त्यांनी मान डोलावली. रेडिमेड काका हळूच शेवटच्या बाकाकडे वळत होते. मास्तरांनी त्यांची बाही धरून पुढच्या बाकाकडे बोट दाखवलं, आणि कटरने सरकून जागा केली.

आत वाद्य सुरू झालं. सूनबाईचं लक्ष तेव्हा सासऱ्यांच्या मानेकडे गेलं. कॉलरमागे दोऱ्याला पुठ्ठ्याचा तुकडा लोंबत होता, त्यावर दुकानाचा शिक्का आणि मोठ्या अक्षरांत 'तयार कपडे'. शिंप्याच्या घरच्या बाईच्या पर्समध्ये कात्री असतेच. तिने ती काढली आणि मागून दोरा धरला.

"काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

तिने कानात सांगितलं.

"राहू दे," ते म्हणाले.

"बाबा, सगळी मंडळी बघेल."

"बघू दे. मी शिवलेला नाही, हे कळू दे सगळ्यांना."

मग त्यांनी नातीला उजवा हात दिला आणि पडलेला खांदा घेऊन ते आत गेले.